एका कांजीची बारा वाचने

पत्राचा सारांश : पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत जपानी अनुवादाचे काम करणाऱ्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-३ पातळी उत्तीर्ण झाल्यावर त्या आता एन-२ची तयारी करीत आहेत. प्रत्येक कांजीसाठी, म्हणजे जपानी लेखनातल्या चिनी मूळच्या चिन्हासाठी, वहीचे एक पान राखायचे, शब्दकोशात तिची जेवढी वाचने, म्हणजे उच्चार, असतील तेवढी सगळी उतरवायची आणि ती तोंडपाठ झाल्याशिवाय पुढच्या कांजीकडे जायचे नाही, असा त्यांचा क्रम आहे. 'जीवन' या अर्थाच्या कांजीपाशी हा क्रम अडला, कारण तिची अधिकृत वाचनेच बारा निघाली, आणि नावांतली वाचने धरली तर संख्या शंभरावर जाते असे त्यांनी कुठेतरी वाचले. त्यांचे शिक्षक म्हणतात की सगळी वाचने आलीच पाहिजेत. कार्यालयातला एक सहकारी म्हणतो की नेहमीची दोन शिका आणि बाकीची सोडून द्या. अशातच एका ऑनलाइन बैठकीत त्यांनी ग्राहकाचे 'कोनो' हे आडनाव 'कावानो' असे वाचले, आणि तेव्हापासून आपला पायाच कच्चा आहे असे त्यांना वाटू लागले आहे. कमी वापरातली वाचने शिकावीत का आणि शिकायची तर कशी, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातला प्रश्न वाचनांच्या संख्येविषयी आहे, परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि उत्तराआधी त्याकडे पाहायला हवे. कांजी येणे म्हणजे तिची सगळी वाचने येणे, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमचे शिक्षक आणि तुमचा सहकारी यांचे मत परस्परविरुद्ध दिसत असले, तरी हे गृहीतक दोघांनाही मान्य आहे. एकाला त्या यादीतले सगळे हवे आहे आणि दुसऱ्याला थोडे, एवढाच फरक. मला स्वतःला ती यादीच अभ्यासाचे चुकीचे एकक वाटते. वाचन शब्दाचे असते. शब्दकोशात कांजीखाली जी वाचने छापलेली असतात, ती त्या कांजीने लिहिल्या जाणाऱ्या असंख्य शब्दांतून नंतर वेचून काढलेली असतात.

आधी भीतीचा हिशेब करू. जपान सरकारची नेहमीच्या वापरातील कांजींची यादी, म्हणजे जोयो कांजी, २०१० मध्ये सुधारण्यात आली आणि तीत २१३६ कांजी आहेत. (आपल्या लिपीत ओकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद दाखवता येत नाही, जपानीत तो किती महत्त्वाचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.) या सर्व कांजींची मिळून अधिकृत वाचने ४३८८ भरतात, म्हणजे एका कांजीमागे सरासरी दोनांहून किंचित अधिक. तुम्ही जिच्यापाशी अडलात ती कांजी, 'खाली' या अर्थाच्या कांजीबरोबर, या यादीतील टोकाच्या उदाहरणांपैकी आहे. त्या दोघींना प्रत्येकी बारा वाचने आहेत. त्यांच्यावरून उरलेल्या दोन हजारांचा अंदाज बांधणे रास्त नव्हे. शिवाय त्या अधिकृत यादीतच, जी वाचने विशेष स्वरूपाची किंवा अगदी मर्यादित वापराची आहेत, ती एक अक्षर आत सरकवून छापलेली असतात. म्हणजे कोणते वाचन दुर्मीळ आहे हे यादी करणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. शब्दकोशातून उतरवून घेताना ही खूण बहुधा गळून पडते आणि सगळी वाचने एका रांगेत, समान वजनाची दिसू लागतात.

आता त्या बारा वाचनांकडेच पाहा. इकिरु, इकासु आणि इकेरु हे जगण्याशी संबंधित क्रियापदांचे एक कुटुंब आहे. उमारेरु आणि उमु हे जन्माचे. हाएरु आणि हायासु हे उगवण्या-वाढण्याचे. ही सगळी क्रियापदे एन-३ झालेल्या व्यक्तीने ऐकलेली असतात, आणि कांजीच्या पुढे येणारी हिरागाना या उच्चारदर्शक लिपीतली अक्षरे, म्हणजे ओकुरिगाना, त्यांतले कोणते वाचायचे ते दाखवतात. 'नामा' तर उपाहारगृहाच्या फलकावर बियरच्या आधी लिहिलेला असतो. 'सेइ' हे वाचन 'सेन्सेइ' आणि 'गाकुसेइ' या शब्दांतून तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून येते. उरली तीन : 'शो', 'की' आणि 'ओउ'. यांतली शेवटची दोन जपानी मुलांनाही प्राथमिक शाळेत शिकवत नाहीत, ती माध्यमिक शाळेसाठी राखलेली आहेत; आणि हे लक्षात घ्या की कांजी स्वतः मात्र पहिलीच्या अभ्यासक्रमातली आहे. जपानमधला सात वर्षांचा मुलगा ही कांजी 'येते' असे म्हणतो तेव्हा त्याला तिची सगळी वाचने येत नसतात, आणि त्याबद्दल त्याला कोणी अपुरा ठरवत नाही.

प्रौढांचीही स्थिती फार वेगळी नाही. २००८ मध्ये जपानचे तत्कालीन पंतप्रधान तारो आसो यांनी जाहीरपणे बोलताना 'मिझोउ' हा शब्द 'मिझोयू' असा वाचला, आणि 'तोशू' हा शब्द 'फुशू' असा. वर्तमानपत्रांनी त्यांची बरीच थट्टा केली. परंतु चुकांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. 'मिझोउ' म्हणजे पूर्वी कधी न घडलेले. बौद्ध ग्रंथांतील 'अद्भुत' या संस्कृत शब्दाच्या चिनी भाषांतरातून तो जपानीत आला. त्यातील शेवटच्या कांजीचे नेहमीचे वाचन 'यू' आणि कमी वापरातले 'उ'. आसो यांना ते 'उ' वाचन माहीत नव्हते असे मानण्याचे कारण नाही, कारण 'उमु', म्हणजे असणे-नसणे, या साध्या शब्दातही तेच वाचन आहे. त्यांना माहीत नव्हता तो शब्द. वाचनांची यादी पाठ असती तरीही ही चूक टळली नसती, कारण दोनांतले कोणते लावायचे हे यादी कधीच सांगत नाही.

मराठी वाचणाऱ्याला हे नवीन वाटू नये. 'जरा थांबा' यातला 'ज' आणि 'जरा-मरण' यातला 'ज' आपण निराळे उच्चारतो. लिपीत त्या दोहोंना एकच अक्षर आहे. आपल्यापैकी कोणीही शाळेत 'ज'च्या दोन उच्चारांची यादी करून शब्द वाटून घेतले नव्हते. शब्द कानावर आधी आले, आणि मग संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा तालव्य उच्चाराचे असतात, ही संगती मोठेपणी कोणी दाखवली तेव्हा ती लगेच पटली.

त्या 'मोठेपणी दाखवलेल्या संगती'ला जपानीतही प्रतिरूप आहे, आणि कमी वापरातल्या वाचनांचा सगळ्यात किफायतशीर अभ्यास मला तिथेच दिसतो. चिनी उच्चारांवर आधारलेली ओन्योमी जपानमध्ये एकाच काळात आलेली नाहीत. साधारणपणे पाचव्या-सहाव्या शतकात, दक्षिण चीनकडून आणि बौद्ध धर्माच्या सोबतीने आलेल्या उच्चारांना गो-ओन म्हणतात; सातव्या ते नवव्या शतकांत तांग राजवटीची राजधानी चांगआन येथे गेलेल्या दूतांनी आणि विद्यार्थ्यांनी आणलेल्या उच्चारांना कान-ओन म्हणतात. तुमच्या कांजीचे 'सेइ' हे कान-ओन आहे आणि 'शो' हे गो-ओन. म्हणूनच 'शुजो' म्हणजे सर्व प्राणिमात्र, 'सेश्शो' म्हणजे जीवहत्या, 'ओजो' म्हणजे देह ठेवून पुण्यलोकी जन्म घेणे, अशा बौद्ध परंपरेतल्या शब्दांत तुम्हाला 'शो' किंवा घोष झालेला 'जो' सापडतो, आणि 'जिन्सेइ', 'गाकुसेइ' यांत 'सेइ'.

आता ही जोडी फक्त एका कांजीपुरती नाही, हे महत्त्वाचे. कान-ओनमध्ये जिथे 'एइ' येतो तिथे गो-ओनमध्ये अनेकदा 'यो' येतो, आणि हा बदल कितीतरी कांजींत त्याच पद्धतीने दिसतो. 'स्वभाव' या अर्थाची कांजी 'सेइकाकु' मध्ये 'सेइ' आहे आणि 'आइशो' म्हणजे परस्परांशी जुळणे यात 'शो'. 'बरोबर' या अर्थाची कांजी अचूक उत्तराच्या 'सेइकाइ' मध्ये 'सेइ', तर नववर्षाच्या 'शोगात्सु' मध्ये 'शो'. मंत्रालय दाखवणारी कांजी आत्मपरीक्षणाच्या 'हान्सेइ' मध्ये 'सेइ', तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'गाइमुशो' मध्ये 'शो'. तीच गोष्ट 'मेइ' आणि 'म्यो' यांची, 'केइ' आणि 'क्यो' यांची, 'हेइ' आणि 'ब्यो' यांची : शांततेच्या 'हेइवा' मधली पहिली कांजी समतेच्या 'ब्योदो' मध्ये 'ब्यो' होते, आणि अर्थव्यवस्थेच्या 'केइझाइ' मधली पहिली कांजी बौद्ध सूत्रग्रंथासाठी वापरली की 'क्यो' वाचली जाते. तुमच्या कामात रोज भेटणारे उदाहरण म्हणजे 'उद्या' : घरगुती बोलण्यात जे 'आशिता', तेच औपचारिक बैठकीत 'म्योनिची'. ही संगती एकदा कानात बसली की नवा शब्द वाचताना 'सेइ' चालत नसेल तर 'शो' करून पाहावे, एवढे तरी सुचते, आणि डझनावारी 'दुर्मीळ' वाचने एकाच वेळी सुटी न राहता ओळखीची होतात. नियम म्हणून मात्र यावर विसंबू नका. 'जाणे' या अर्थाच्या कांजीचे 'ग्यो' हे वाचन गो-ओन असूनही ते साधनेच्या 'शुग्यो' मध्ये जसे आहे तसेच प्रशासनाच्या 'ग्योसेइ' मध्येही आहे, आणि प्रशासनात बौद्ध असे काही नाही.

याच कांजीचे 'आन' असे आणखी एक ओन्योमी आहे. कामाकुरा काळापासून पुढे झेन भिक्षू आणि व्यापारी यांच्यामार्फत आलेल्या तो-ओन नावाच्या थरातले ते आहे, आणि अधिकृत यादीत ते आत सरकवून छापलेले आहे. भिक्षूच्या पायी भ्रमंतीसाठीच्या 'आन्ग्या' सारख्या मोजक्या शब्दांपलीकडे ते भेटत नाही. गंमत अशी की तुमच्या ओळखीत चाकणच्या वाहन कारखान्यात काम करणारे कोणी असेल, तर त्याला यातला एक शब्द जपानी न शिकताही येतो : उत्पादन-साखळीत अडचण आली की पेटणारा 'आन्दोन' दिवा. कागदी कंदिलासाठीचा हा जुना शब्द टोयोटाच्या उत्पादन पद्धतीबरोबर जगभरच्या कारखान्यांत गेला, आणि मूळ लेखनात त्यातली पहिली कांजी हीच आहे. अशा वाचनासाठी वहीत ओळ राखण्याची गरज नाही, शब्द पुरतो.

काही ठिकाणी मात्र मी तुम्हाला यादीवाल्या सरांपेक्षाही कडक व्हायला सांगेन. एकाच लेखनाची दोन वाचने असतात आणि त्यांनी अर्थ बदलतो, असे शब्द अनुवादकाला आले तर बरे असे नाही, यायलाच हवेत. तुमच्याच कांजीचे उदाहरण घ्या : तिच्यापुढे 'वस्तू' ही कांजी आली की 'सेइबुत्सु' म्हणजे सजीव, आणि 'नामामोनो' म्हणजे नाशवंत, न शिजवलेला पदार्थ. (घोटाळा टाळण्यासाठी जपानी लोक स्वतःच दुसऱ्या अर्थी पुष्कळदा 'मोनो' हिरागानात लिहितात.) 'माणूस' आणि 'वातावरण' या दोन कांजी एकत्र आल्या तर 'निन्की' म्हणजे लोकप्रियता आणि 'हितोके' म्हणजे माणसांची चाहूल, त्यामुळे निर्जन रस्ता आणि नावडता रस्ता लेखनात एकसारखेच दिसतात. 'बाजार' साठीचे लेखन आर्थिक संकल्पना म्हणून 'शिजो' आणि भाजी-मासळीच्या प्रत्यक्ष बाजारासाठी 'इचिबा' वाचले जाते. तेही ढोबळमानाने, कारण टोकियोतील तोयोसू येथील घाऊक बाजाराच्या अधिकृत नावात 'शिजो'च आहे. 'कुशल' या अर्थी 'जोझु' वाचले जाणारे लेखन कुस्तीच्या संदर्भात 'उवाते' आणि रंगमंचाच्या संदर्भात 'कामिते' होते. इथे चूक झाली तर अनुवादाचा अर्थच फिरतो, आणि त्याची भरपाई उच्चार सुधारून होत नाही. तुमच्या वहीत पान द्यायचेच असेल तर ते अशा शब्दांना द्या.

आता आडनावाचा प्रसंग. 'कोनो' आणि 'कावानो' ही दोन्ही आडनावे जपानमध्ये प्रचलित आहेत आणि लिहिली जातात त्याच कांजींनी. तुम्ही 'कावानो' वाचलेत याचा अर्थ कांजी तुम्हाला वाचता आली. ती व्यक्ती कोनो आहे ही माहिती तुमच्यापाशी नव्हती, इतकेच. नावांतल्या वाचनांना अभ्यासक्रम नाही. शोगी या जपानी बुद्धिबळातील योशिहारु हाबु आणि फिगर स्केटिंगमधील युझुरु हान्यू यांची आडनावे अक्षरशः एकसारखी लिहिली जातात, दोहोंतही दुसरी कांजी तुमचीच बारा वाचनांची कांजी आहे, आणि तिथली 'बु' किंवा 'न्यू' ही वाचने त्या बारांत कुठेच नाहीत. खुद्द जपानच्या कुटुंब-नोंदवहीत नावाचे केवळ लेखन असे. वाचनही नोंदवण्याची तरतूद २६ मे २०२५ पासून अमलात आली. जिथे राज्यव्यवस्थेला वाचन वेगळे विचारून घ्यावे लागते, तिथे तुम्ही ते ओळखावे अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. नाव विचारणे असभ्य नाही, चुकीचे वाचून पुढे जाणे अधिक खटकते. बैठकीच्या आधी ईमेलच्या तळाशी रोमन लिपीत नाव आहे का पाहा, व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजू पाहा, सापडले नाही तर 'ओनामाए वा नान्तो ओयोमि सुरेबा योरोशिइ देशो का' असे सरळ विचारा. सभासदांची नावे आणि त्यांची वाचने यांचा एक तक्ता प्रकल्पाच्या फाइलमध्ये ठेवलात, तर तुमच्यानंतर येणाऱ्या सहकाऱ्यालाही तो उपयोगी पडेल.

परीक्षेविषयी थोडक्यात. एन-२ मध्ये वाक्यातील अधोरेखित शब्दाचे वाचन चार पर्यायांतून निवडायचे असते. 'या कांजीची सगळी वाचने लिहा' असा प्रश्न तिथे येत नाही. पर्यायांत फसवतात ते ऱ्हस्व-दीर्घ, घोष-अघोष आणि द्वित्त यांतले भेद, म्हणजे माहीत असलेल्या शब्दांचा सैल उच्चार. २०१० मध्ये परीक्षेची रचना बदलली तेव्हापासून कोणत्या पातळीला कोणत्या कांजी आणि कोणते शब्द, याची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे 'एन-२च्या सर्व वाचनांची यादी' म्हणून जे विकले जाते तो प्रकाशकाचा अंदाज असतो, कधी चांगला, कधी नाही.

रोजच्या अभ्यासात मी इतकाच बदल सुचवेन की वाचन शब्दाशिवाय लिहायचे नाही. शब्दकोशात एखादे वाचन दिसले की ते असलेला आणि आपण कुठेतरी वाचलेला किंवा ऐकलेला शब्द आठवतो का, हे स्वतःला विचारा. आठवला तर शब्द लिहा, शक्य असल्यास तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह. आठवला नाही तर पुढे जा. तुमच्या 'की' या वाचनासाठी कापड किंवा मळलेले पीठ या अर्थाचा 'किजी' हा शब्द पुरेसा आहे आणि तो व्यवहारात भेटतोच. 'ओउ' साठी बालपणीची जडणघडण सांगणारा 'ओइताची' हा शब्द आहे, आणि तो अजून भेटला नसेल तर थांबायला हरकत नाही. आंकीसारख्या ॲपवर पाठांतराची कार्डे करीत असाल तर समोरच्या बाजूला एकटी कांजी ठेवू नका. पूर्ण शब्द ठेवा. हिरवळीसाठीचा 'शिबाफु' किंवा तिसऱ्या महिन्याचे जुने नाव 'यायोइ' यांसारखे शब्द तर तुकडे करून शिकण्याचा प्रयत्नच करू नये : त्यांचे वाचन संपूर्ण शब्दाला मिळून असते, आणि अधिकृत यादीच्या पुरवणीत अशा ११६ शब्दांची वेगळी नोंद आहे. ती पुरवणी मात्र अवश्य मिळवा. ती लहान आहे आणि तिच्यातले बहुतेक शब्द नेहमीच्या वापरातले आहेत. दुर्मीळ म्हणून भीती वाटणारी पुष्कळ वाचने प्रत्यक्षात तिथलीच निघतील.

तुमच्या शिक्षकांशी वाद घालण्याची गरज नाही. वर्गातल्या चाचणीत ते वाचनांचा तक्ता मागत असतील तर तेवढ्यापुरता तो द्या, पण प्रत्येक वाचनासमोर एक शब्द लिहून द्या. कोणताही जपानीचा शिक्षक त्याला नाही म्हणणार नाही. आणि एक शक्यता मी नाकारत नाही, ती म्हणजे तुम्हाला ही विरळ वाचने मुळातच आवडत असतील. तसे असेल तर एन-२ आटोपल्यावर त्यांच्याकडे छंद म्हणून वळा. जपानी लोक स्वतःसाठी देतात ती कांजी केन्तेइ ही परीक्षा त्यासाठी उत्तम मापदंड आहे : तिची दुसरी पातळी सर्व जोयो कांजींची, आणि त्यावरच्या दोन पातळ्यांत अधिकृत यादीबाहेरची वाचनेही विचारली जातात. सुरुवात मात्र सगळ्यात खालच्या दहाव्या पातळीपासून करा. तीत जपानी पहिलीच्या ८० कांजी असतात. उत्तरे हाताने लिहायची असल्याने त्या सरावासाठी मोबाइल बाजूला ठेवून चौकटींची वही घ्यावी लागेल.